खेळातली फुले आणि बपेऱ्याचा धान

व्हिडिओ गेम म्हटले की बंदूक, गाडी आणि पळापळ डोळ्यांपुढे येते. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर गाजलेल्या खेळांमध्ये बी पेरायचे, पाणी द्यायचे, फूल येण्याची वाट पाहायची आणि पीक घरी आणायचे, एवढ्यावर उभे असलेले खेळही पुष्कळ आहेत. ते खेळणाऱ्यांत शेत कधी न पाहिलेली शहरातली मुले आहेत, तशीच शेताच्या धुऱ्यावर बसून मोबाइल हाताळणारी खेड्यातली मुलेही आहेत.

तुमसर तालुक्यातले बपेरा हे भंडारा जिल्ह्याचे सीमेवरचे गाव. पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. बावनथडी आणि वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख धानाचा. इथल्या मुलाला पऱ्हे, रोवणी, निंदण, लोंबी हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. खेळातले रोप कसे वाढते, त्याचे नियम कोणते आणि ते खऱ्या रोपाशी कुठे जुळतात, हे अशा गावातून पाहिले तर जास्त स्पष्ट दिसते. हा लेख त्यासाठीच आहे.

खेळात रोपे कशासाठी असतात?

खेळ बनवणारा माणूस रोप घालतो ते नुसत्या शोभेसाठी नव्हे. बहुतेक खेळांत रोपाकडे पुढच्यापैकी एखादे काम असते.

पहिले काम वेळ मोजण्याचे. बी टाकल्यापासून पीक येईपर्यंत खेळणाऱ्याला थांबावे लागते, म्हणून तो पुन्हा खेळाकडे येतो. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या 'फार्मव्हिल'ने याच गोष्टीवर कोट्यवधी माणसे बांधून ठेवली. त्यात स्ट्रॉबेरी चार तासांत पिकायची आणि वेळेत तोडली नाही तर सुकून जायची. पीक वाया जाऊ नये म्हणून लोक कामातून उठून संगणकापाशी यायचे. हा खेळ ३१ डिसेंबर २०२० रोजी फेसबुकवर बंद झाला.

दुसरे काम भांडवलाचे. २००९ च्याच 'प्लँट्स व्हर्सेस झाँबीज'मध्ये सूर्यफूल लावायला ५० सूर्यकण लागतात आणि ते दर खेपेला २५ सूर्यकण परत देते. आधी सूर्यफुले लावून पुंजी उभी केली नाही, तर पुढे अंगणाचे रक्षण करणारी झाडे लावता येत नाहीत.

तिसरे काम मनाला निवांत करण्याचे. त्याच वर्षी आलेल्या 'फ्लॉवर' या खेळात खेळणारा वाऱ्याची झुळूक होतो, फुलांवरून फिरतो आणि पाकळ्या सोबत घेत जातो. जिथून वारा जातो तिथले वाळलेले माळरान हिरवे होते.

चौथे काम सगळ्यांत अवघड आहे. रोपाची वाढ हीच खेळाची गोष्ट करणे. त्याकडे पुढे येऊ.

वाढीचा हिशेब: 'माइनक्राफ्ट'चा गहू

खेळातले रोप वाढते म्हणजे नेमके काय होते? 'माइनक्राफ्ट'चे उदाहरण घेऊ, कारण त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

या खेळातले जग ठोकळ्यांचे आहे. गव्हाच्या वाढीचे आठ टप्पे ठरलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याचे वेगळे चित्र असते. संगणकावरच्या जावा आवृत्तीत खेळाचे घड्याळ सेकंदाला २० ठोके देते. दर ठोक्याला १६ × १६ × १६, म्हणजे ४०९६ ठोकळ्यांच्या प्रत्येक भागातून तीन ठोकळे चिठ्ठी काढल्यासारखे निवडले जातात. याचा अर्थ एका ठोकळ्याची पाळी सरासरी ६८ सेकंदांनी येते. त्या ठोकळ्यात गहू असेल, उजेड पुरेसा असेल आणि नशिबाने साथ दिली, तर तो एक टप्पा पुढे सरकतो.

नशीब किती साथ देईल हे जमिनीवर ठरते. चार ठोकळ्यांच्या आत पाणी असेल तर जमीन ओली राहते आणि वाढीची शक्यता वाढते. रोपाखालची आणि भोवतालच्या आठही ठोकळ्यांची जमीन ओली व मशागत केलेली असेल, तर पाळी आल्यावर पुढे सरकण्याची शक्यता तीनात एक. पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत सात पायऱ्या चढायच्या असतात. गणित केले तर उत्तम शेतातला गहू साधारण २४ मिनिटांत कापणीला येतो. या खेळातला पूर्ण दिवस २० मिनिटांचा असतो, म्हणजे पीक तिथल्या एका दिवसाहून थोडे जास्त घेते. त्यातही रात्री उजेडासाठी मशाली लावल्या असतील तरच.

यातला एक नियम शेतकऱ्याच्या मुलाने जरूर पाहावा. सगळे शेत एकाच पिकाने गच्च भरले तर शक्यता अर्धी होते. एक ओळ गव्हाची, दुसरी गाजराची, अशी आलटून पालटून लागवड केली तर पीक लवकर येते. धानाच्या बांधीत धुऱ्यावर तूर लावण्याची इथली रीत वेगळ्या कारणांनी आली आहे, पण जागेची मांडणी उत्पन्न ठरवते ही समज दोन्हीकडे आहे.

ऋतू आणि पाणी: 'स्टारड्यू व्हॅली'चा तांदूळ

'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ २०१६ मध्ये आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षे खपून तो बनवला. चित्रे, संगीत, संवाद, सगळे त्याचेच. यात वर्षाचे चार ऋतू आणि प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. प्रत्येक पिकाचा ऋतू ठरलेला. ऋतू बदलला की मागच्या हंगामाचे उभे पीक मरते. त्यामुळे २८ दिवसांत किती दिवसांचे पीक बसेल याचा हिशेब बी विकत घेतानाच करावा लागतो. हलके, मध्यम आणि भारी धान यांतून आपल्या पाण्याला कोणते झेपेल हे पाहून बियाणे ठरवणारा भंडाऱ्याचा शेतकरी दर जूनमध्ये नेमका हाच हिशेब करतो.

२०१९ च्या सुधारित आवृत्तीत या खेळात भाताचे रोप आले. बाकीच्या पिकांना रोज झारीने पाणी द्यावे लागते. भाताचे रोप मात्र तळ्याच्या किंवा नदीच्या काठापासून तीन चौकोनांच्या आत लावले तर त्याला हाताने पाणी घालायला नको, आणि आठ दिवसांचे पीक सहा दिवसांत येते. पिकलेला धान नंतर गिरणीत नेऊन तांदूळ करून घ्यावा लागतो. एवढाच नियम आहे, पण त्यात भाताचा स्वभाव बरोबर पकडला आहे. पाण्याजवळ जागा मिळाली की भात खुश. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत जुन्या मालगुजारांच्या काळात शेकडो तलाव बांधले गेले आणि त्यांच्या खालच्या अंगाला धानाच्या बांध्या पसरल्या, त्यामागे हेच कारण आहे.

फुलांचे काम: मध, रंग आणि परागण

फुले खेळात नुसती दिसायला असतात असे वाटेल, पण चांगल्या खेळात त्यांना निसर्गातले एखादे काम दिलेले असते.

'माइनक्राफ्ट'मध्ये खसखशीच्या फुलापासून लाल रंग मिळतो, डँडेलियनपासून पिवळा. निळे ऑर्किड फक्त दलदलीच्या भागात उगवते, त्यामुळे त्या फुलासाठी तो प्रदेश शोधत जावे लागते. सूर्यफुलाचे तोंड या खेळात नेहमी पूर्वेकडे असते, म्हणून वाट चुकलेल्याला त्यावरून दिशा कळते. डिसेंबर २०१९ मध्ये यात मधमाश्या आल्या. मधमाशी फुलावर बसते, पराग अंगाला लावून पोळ्याकडे निघते आणि वाटेत पिकावरून गेली की ते पीक एक टप्पा पुढे जाते. शेताजवळ फुले लावली तर पीक लवकर येते, हा धडा त्यातून आपोआप मिळतो.

'स्टारड्यू व्हॅली'त मधपेटीजवळ जे फूल फुललेले असेल त्याचा मध मिळतो आणि फुलाप्रमाणे मधाचा भाव बदलतो. आपल्याकडे मोहाच्या, जांभळाच्या किंवा करंजाच्या फुलोऱ्याप्रमाणे मधाचा रंग आणि चव बदलते, हे मध काढणारा कोणीही सांगेल.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. धानाला मधमाशीची गरज नसते. धानाचे फूल बारीक आणि बिनपाकळ्यांचे असते. ते बहुधा सकाळी उशिरा, थोड्याच वेळासाठी उघडते, आणि त्यातले सहा पुंकेसर आपलाच पराग आपल्याच फुलावर सांडतात. त्या वेळी जोराचा पाऊस झाला तर परागण बिघडते आणि लोंबीत पोचट दाणे राहतात. मोहाचे याउलट आहे. त्याचे परागण मुख्यतः वटवाघळांकडून होते आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याच्या गोड फुलांचा सडा पडतो. प्रत्येक फुलाचा नियम वेगळा आहे, आणि खेळ बनवणाऱ्याला एवढे वैविध्य आपल्या गावशिवारातच सापडेल.

नवा रंग, नवे वाण

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, 'अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' आला. यात बेटावर गुलाब, ट्यूलिप, लिली, शेवंती अशी आठ प्रकारची फुले लावता येतात. शेजारी-शेजारी लावून पाणी दिले तर दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेत नवे रोप येण्याची शक्यता असते. दोन लाल गुलाबांतून काळा गुलाब येऊ शकतो, लाल आणि पिवळ्यातून केशरी. निळा गुलाब मात्र पिढ्यान्‌पिढ्या योग्य रोपे निवडत गेल्यावरच हाती लागतो. कारण प्रत्येक फुलामागे जनुकांची जोडी लपलेली असते आणि सारख्या दिसणाऱ्या दोन फुलांच्या पोटात वेगळे जनुक असू शकतात. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्ये मांडलेला नियम लाखो मुलांनी असा खेळता खेळता वापरला.

याच धीराची खरी गोष्ट आपल्या विदर्भात घडली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यातले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या 'पटेल ३' या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड करत बियाणे वाढवले. बारीक, चवदार आणि चांगल्या उताऱ्याचे ते वाण तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने 'एचएमटी' म्हणून पसरले आणि आज देशभर लोक हा तांदूळ खातात. शाळा फारशी न शिकलेल्या या शेतकऱ्याने अनेक वाणे निवडली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. खेळातला निळा गुलाब काही आठवड्यांत मिळतो. दादाजींना एका पिढीसाठी एक हंगाम थांबावे लागत होते.

झाड रेखाटण्याचे गणित

खेळात जंगल दाखवायचे तर प्रत्येक झाड हाताने काढणे शक्य नसते. त्यासाठी वाढीचा नियम संगणकाला सांगतात. १९६८ मध्ये अॅरिस्टिड लिंडेनमायर या हंगेरियन जीवशास्त्रज्ञाने यासाठी एक सोपी पद्धत मांडली. समजा नियम असा की प्रत्येक 'अ'च्या जागी 'अब' लिहायचे आणि प्रत्येक 'ब'च्या जागी 'अ'. सुरुवात 'अ'ने केली तर पुढे अब, अबअ, अबअअब अशी साखळी वाढत जाते आणि अक्षरांची संख्या १, २, ३, ५, ८ अशी चढते. अक्षरांऐवजी फांदी, वळण आणि पान ठेवले की त्याच रीतीने झाड उभे राहते.

सूर्यफुलातल्या बियांची मांडणीही अशीच काढता येते. प्रत्येक पुढचे बी आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर ठेवत गेले की फुलातली वळणदार नक्षी पडद्यावर उमटते. मोठ्या खेळांतली जंगले उभारण्यासाठी 'स्पीडट्री'सारखी तयार साधने वापरली जातात. 'द विचर ३'मधली झाडे त्यातूनच आली.

'साकुना': धान हाच नायिकेचा जोर

आता चौथ्या कामाकडे येऊ. नोव्हेंबर २०२० मध्ये जपानमधून 'साकुना: ऑफ राइस अँड रुइन' हा खेळ आला. 'एडेलवाइस' नावाच्या अगदी छोट्या चमूने तो बनवला. नायिका साकुना ही पिकाची देवी. तिला राक्षसांशी लढायचे आहे, पण तिची ताकद लढाईने वाढत नाही. धानाचे पीक घरात आले की तिचा जोर वाढतो. पीक किती आले आणि तांदूळ चवीला, वासाला, दिसायला कसा झाला, त्याप्रमाणे तिचे वेगवेगळे गुण वाढतात.

बपेऱ्याच्या माणसाला हा खेळ पाहताना बरेच काही ओळखीचे वाटेल. बी निवडणे, रोपे तयार करणे, चिखलणी, रोवणी, पाण्याची पातळी कमी-जास्त करणे, गवत उपटणे, विळ्याने कापणी, पेंढ्या वाळवणे, मळणी आणि शेवटी भरडणी, हे सगळे खेळणाऱ्याने स्वतः करायचे असते. भरडताना तांदूळ किती पांढरा करायचा हेही त्यानेच ठरवायचे. खत घरच्या कचऱ्या-मळापासून बनवायचे आणि त्यात काय मिसळायचे याचा विचार करायचा. जपानमधल्या खेळणाऱ्यांनी उत्तम पीक कसे घ्यावे हे शोधताना थेट तिथल्या कृषी मंत्रालयाच्या भातशेतीच्या माहितीचा आधार घेतला आणि ती या खेळात उपयोगी पडते हे एकमेकांना सांगितले. खेळाचा नियम शेतीच्या इतका जवळ गेला की शेतीचे पुस्तक हेच खेळाचे मार्गदर्शक ठरले.

धानाकडे मोठ्या खेळांचेही लक्ष गेले आहे. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर चालवायला लावणाऱ्या 'फार्मिंग सिम्युलेटर' या स्वित्झर्लंडच्या खेळात २०२४ च्या आवृत्तीत पहिल्यांदा पाण्याने भरलेली भातशेती आली आणि सोबत म्हशीही आल्या.

बांधीतले काय खेळात येत नाही?

इतके सगळे असूनही खऱ्या धानाचा मोठा भाग पडद्याबाहेर राहतो. त्याची यादी शेतकऱ्यालाच नीट देता येईल.

वाढीचे टप्पे खेळात चित्रासारखे बदलतात. बांधीत पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे झाले की उपटून रोवतात. मग ते मूळ धरते, फुटवे काढते, पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यात येते, दाण्यात दूध भरते आणि शेवटी लोंबी पिवळी होऊन वाकते. यातल्या प्रत्येक टप्प्याची पाण्याची आणि खताची गरज वेगळी असते. रोवणीनंतर थोडे पाणी, पुढे पाच सेंटीमीटरच्या आसपास, आणि कापणीच्या दहा-एक दिवस आधी बांधी कोरडी.

कीड आणि रोग खेळात असले तरी सौम्य असतात. इथे खोडकिडा, गादमाशी आणि करपा आहे. तुडतुडा लागला तर उभे पीक काही दिवसांत जळाल्यासारखे होते.

कापणीनंतरचा धोका तर बहुतेक खेळांत नाहीच. इथे धान कापून कडपा बांधीत पडलेल्या असताना अवेळी पाऊस आला, तर दाण्याला कोंब फुटतात. पुंजणे घातल्यावरही मळणी होईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. त्यानंतर आधारभूत खरेदी केंद्रावरची रांग आणि पैसे हातात येण्याची वाट.

सगळ्यांत मोठी उणीव माणसांची. खेळात एकटा शेतकरी सगळे शेत लावतो. रोवणी मात्र बायांच्या हातांनी होते. दिवसभर चिखलात वाकून, एका ओळीत मागे सरकत, पावसात. त्या श्रमाशिवाय धानाचे गणित पूर्ण होत नाही.

बपेऱ्याचा खेळ कसा असेल?

मराठी मुलखात खेळ बनवणारे लोक आहेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर उभा असलेला खेळ बनवून जगापुढे ठेवला. जपानी चमू आपल्या भातावर खेळ रचू शकतो, तर वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानावरही असा खेळ रचता येईल. त्याचे नियम इथे तयारच आहेत.

मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकायचे की थांबायचे, हा पहिला डाव. पाऊस लांबला तर रोवणी सोडून आवत्या पेरायचा का, हा दुसरा. बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, ही कृषी विभागाची शिफारस. 'साकुना'तही बी निवडण्याची पायरी आहेच. तलावाचे पाणी वरच्या बांधीने आधी घ्यायचे की खालच्या, हा गावाने मिळून सोडवायचा पेच. जास्त उताऱ्याचे वाण लावायचे की सुवासिक चिन्नोर, ही निवड. चिन्नोरला भंडाऱ्याचे आणि सीमेपलीकडच्या बालाघाटचेही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. उन्हाळ्यात मोहफूल वेचायचे, पळस फुलला की हंगाम ओळखायचा. वर्षभराचे चक्र भरगच्च आहे, त्यात वेगळी भर घालावी लागणार नाही.

घरी आणि शाळेत

मूल असा खेळ खेळत असेल तर पालक आणि शिक्षक त्याचा चांगला उपयोग करू शकतात. खेळातल्या पिकाचे टप्पे वहीत लिहायला सांगा. मग बांधीतल्या एका चुडाला खूण करून, रोवणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला त्याची उंची आणि फुटवे मोजायला सांगा. निसवण्याची आणि फुलोऱ्याची तारीख नोंदवायला लावा. फूल उघडते ती सकाळ चुकवू देऊ नका. हंगामाच्या शेवटी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की खेळ बनवणाऱ्याने काय ठेवले आणि काय सोडले, हे मूल स्वतः सांगेल.

खेळातले रोप माणसाने लिहिलेल्या नियमावर वाढते. ज्याला खऱ्या रोपाचा नियम ठाऊक असतो, तोच तो नियम चांगला लिहू शकतो. ते ज्ञान बपेऱ्यासारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. इथल्या मुलांनी हे खेळ मनसोक्त खेळावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. पुढचा धानाचा खेळ त्यांनी लिहावा, आणि त्यासाठी लागणारे संगणकाचे शिक्षण त्यांच्या गावापर्यंत पोहोचवणे ही आपली, मोठ्यांची जबाबदारी आहे.